पडद्याच्या मागची बाजू

परवा दुपारी वाचनालयात बसलो होतो. खालच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, एकामागं एक, बैलांच्या पाठीपेक्षा उंच भरलेल्या. त्यांतला एक पुंजका वाऱ्यानं उडाला, खिडकीतून आत आला आणि माझ्या उघड्या पुस्तकावर बसला. दुसऱ्या कुणी तो फुंकून टाकला असता. मी तो चिमटीत धरला, आत सरकी आहे का ते अंगठ्यानं चाचपून पाहिलं, आणि नंतरचा तासभर मला एक ओळ वाचता आली नाही.

म्हणजे गावाकडे वेचणी भरात आली. इथं औरंगाबादेत वेचणी कळत नाही. इथं कापूस दिसतो तो गाडीत भरलेला, निघून चाललेला. झाडावरचा कापूस वेगळा असतो. पहाटेच्या दवानं बोंडाची वाळकी टोकं मऊ पडलेली असतात, तेव्हा वेचलं तर बोटं ओरबाडत नाहीत. ऊन चढलं की तीच टोकं काट्यासारखी होतात आणि वाळलेल्या पानाचा चुरा कापसाला चिकटून येतो. बायका कमरेला लुगड्याची ओटी बांधून ओळीनं पुढं सरकतात. ओटी फुगत जाते आणि लांबून पाहिलं तर सगळ्या जणी एकाच वेळी गरोदर असल्यासारख्या दिसतात. हे मी वसतिगृहात एकदा सांगितलं, तर कुणी हसलं नाही. कदाचित मला सांगता आलं नसेल.

असंच दुसरं एक मला सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमच्या खोलीत वसंत नावाचा एक मित्र राहतो. हैदराबादेत वाढलेला, त्यानं पाहिला नाही असा सिनेमा नाही. मागच्या आठवड्यात त्यानं सगळ्यांना विचारलं, तुम्ही पाहिलेला सगळ्यांत चांगला सिनेमा कोणता? जो तो मोठमोठी नावं सांगू लागला. माझी पाळी आली. मी म्हणालो, "घडीसाज की बेटी."

"कोणता?"

मी पुन्हा नाव सांगितलं.

"असा सिनेमाच नाही, बापूराव," वसंत म्हणाला. "कुणी काढला? काम कुणाचं आहे?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "कुठं पाहिलास?" तो म्हणाला. "आमच्या गावात, कापसाच्या गोदामात," मी म्हणालो. यावर मात्र सगळे हसले. "मग कापसावर झोप लागली असेल तुला," वसंत म्हणाला, आणि मीही त्यांच्याबरोबर हसलो. नंतर मला त्या हसण्याची लाज वाटली.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नाही. सरकारची भाषा उर्दू, म्हणून माझी शाळा सगळी उर्दूतून झाली. मराठी मी मायच्या तोंडून शिकलो आणि ती कागदावर आणताना अजून हात अडखळतो. तरीही तो सिनेमा होता, आणि तो फार सुंदर होता, हे कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे असं वाटतं. पाहणारे आम्ही शे-दीडशे लोक. त्यांतल्या अर्ध्यांना तो आवडला नाही.

त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन गोरेगावला परत आलो होतो. लढाई चालू होती, घासलेट मिळत नव्हतं, आणि कापूस मात्र असा फुटला होता की शिवारात चांदणं पडून राहिल्यासारखं दिसे. कॉलेजचं दादांनी अजून हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. दादा म्हणजे माझे वडील. ते एकच म्हणत, "आधी लगीन होऊ दे. मंग जा कुठं जायचं तिथं." मुलगी साखऱ्याची होती. नाव गिरजा.

आमच्याकडे मुलगी पाहायला जातो असं कुणी सांगत नाही. बैल पाहायला जातो म्हणतात. तसे एका सकाळी दादा मला घेऊन साखऱ्याला गेले. तिच्या वडिलांनी आम्हांला सरळ शेतातच नेलं. दादा बैलाचा जबडा उघडून दात पाहू लागले. असं मन लावून पाहत होते की मला क्षणभर वाटलं, आपण खरोखरच बैलासाठी आलोय. मी मान खाली घालून उभा होतो. पलीकडच्या ओळींत बायका वेचत होत्या. त्यांत एक जण बाकीच्यांच्या दहा पावलं पुढं होती.

तिचा चेहरा मला दिसला नाही. पदर पुढं ओढलेला होता. दिसले ते हात. बाकीच्या बायका एका हातानं फांदी धरीत आणि दुसऱ्यानं वेचीत. ही दोन्ही हातांनी वेचत होती, दोन वेगळ्या झाडांवर, आणि दोन्ही हात एकमेकांकडे न पाहता बराबर ओटीत येत होते. त्यातही डावा हात पुढं. उजवा एक बोंड वेची तोवर डावा दोन. पाण्यात माशांची जोडी फिरावी तसे ते हात फिरत होते. माणसाच्या हातांना असं येतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

परत येताना गाडीत दादा म्हणाले, "बैल बरा हाय." मी "व्हय" म्हणालो. आमच्या घरात एवढ्यावर पसंती झाली असती.

पण घरात गया आत्या होती. दादांची थोरली बहीण, कमी वयात विधवा होऊन माहेरी आलेली. घरातलं कुठलंही कार्य तिच्या जिभेवरून पुढं जाई. ती जात्यावर बसली होती. खुंटा न सोडता म्हणाली, "पोरगी डावरी हाय म्हनत्यात."

"कोन म्हनतं?" दादा म्हणाले.

"समदं साखरा म्हनतं. दोन ठिकानचं मोडलं त्याच्यापायी. तिची माय झाकून ठेवती. मी काय म्हनते, कुंकू लावायच्या आधी जेवायला जाऊ. पोरीला वाढू द्या. डाव्या हातानं अन्न वाढनारी सून मला चुलीजवळ नको. मंग ती किती का वेचीना."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्यांपुढं आपल्या लग्नाविषयी बोलायची रीत नव्हती, आणि मी तर घरात कशाविषयीच बोलत नसे. पण मला ते हात आठवत राहिले. जेवायला जायचा दिवस बाजारानंतरचा चौथा ठरला.

त्याच आठवड्यात सिनेमा आला.

सिनेमावाला एक होता, इस्माईलभाई. दोन गाड्यांत त्याचं सगळं बिऱ्हाड: एकीत मशीन आणि इंजिन, दुसरीत तंबू. तंबू वाटेत कुठंतरी वावटळीनं फाटला होता, म्हणून त्यानं बाजारतळामागचं कापसाचं गोदाम मागितलं. दारं-खिडक्या लावल्या की भर दुपारी तिथं काळोख होई. बाजाराला आलेल्या माणसांना दिवस मावळायच्या आत गाड्या जुंपायच्या असतात, तेव्हा खेळ दुपारीच. गोदामवाल्यानं एकच अट घातली: बिडी वढायची न्हाई. दोन माणसं नुसती त्यासाठी दाराशी उभी होती.

पहिले दोन दिवस देवाचा सिनेमा झाला. त्याला जागा पुरली नाही, लोक गंजीवर चढून बसले. तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, इस्माईलभाईनं हा दुसरा लावला.

आता गोदाम कसं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पडदा भिंतीला नव्हता. गोदामाच्या मधोमध दोन बांबूंवर धोतराच्या कापडाचा मोठा पडदा ताणला होता. अलीकडे मशीन आणि पुरुषमाणसं. पलीकडे, पडद्याच्या मागं, बायका. त्यांना मागचं दार वेगळं होतं आणि बसायला कापसाची गंजी. खेळ सुरू व्हायच्या आधी इस्माईलभाईचा माणूस बादलीतलं पाणी पिचकारीनं त्या कापडावर मारी. कापड ओलं झालं की चित्र आरपार जातं. बायका तेच चित्र मागून पाहत. आमच्याकडे तेव्हा सगळीकडे असंच होतं आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

मी आणि दादा पुढं बसलो. आत्या बायकांत गेली होती. बाहेर साखऱ्याची एक गाडी सुटलेली मी पाहिली होती. तिच्या चाकाला निळा रंग होता, आणि तसं चाक मी बैल पाहायला गेलो तेव्हा त्यांच्या शेतात पाहिलं होतं. मी दादांना काही म्हणालो नाही.

दारं लागली. इंजिन धडधडू लागलं. आणि काळोखातून तो झोत निघाला.

मी त्याआधी सिनेमा पाहिले होते. पण असा झोत पाहिला नव्हता. गोदामभर कापसाचे तंतू तरंगत होते, एरवी ते डोळ्यांना दिसतही नाहीत. झोत त्यांच्यातून गेला आणि ते सगळे पेटल्यासारखे झाले. हजारो तंतू, हळूहळू वर जाणारे, कुणी फुंकर घातली की वळणारे. जे चित्र पडद्यावर जायचं होतं ते आधी त्या कापसातून चाललं होतं. शेजारचा एक म्हातारा हात वर करून ते पकडायला लागला. माझ्या अंगावर काटा आला तो सिनेमा सुरू व्हायच्या आधीच.

गोष्ट साधी होती. एका शहरात एक म्हातारा घड्याळं दुरुस्त करतो. त्याची नजर गेलेली आहे, पण हे गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. तो दुकानात पुढं बसून बोलतो आणि पडद्याआड त्याची मुलगी घड्याळ दुरुस्त करते. एक तरुण येतो. त्याचं खिशातलं घड्याळ बंद पडलेलं. ती ते नीट करते. घेऊन जाताना त्याला पडदा हलताना दिसतो आणि चिमटा धरलेला एक हात दिसतो. एवढंच. दुसऱ्या दिवशी तो घड्याळ बिघडवून पुन्हा येतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा पाण्यात बुडवून आणतो, एकदा त्यात पीठ भरून, एकदा तर घड्याळ शेळीनं चघळलं म्हणून सांगतो. म्हातारा रोज म्हणतो, "बाबूजी, आपकी घडी बडी कमजोर है." आणि आत ती मुलगी पीठ झाडताना तोंडावर हात दाबून हसते. तिला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.

देव नाही, राक्षस नाही, घोडा नाही. मागून एक जण ओरडला, "देव कवा येतुया?" दुसरा म्हणाला, "आरं, ह्याची घडी येक डाव दगडानं फोडा, मंजी मिटंल." पंधरा-वीस जण उठून आपापले बैल बघायला गेले. मला मात्र उठणं शक्य नव्हतं. त्या मुलीचे हात पडदाभर मोठे दाखवले होते. उजव्या हातात चिमटा, डाव्यात घड्याळ. दाण्याएवढं चाक ती अलगद उचलून जागेवर ठेवी आणि सगळी यंत्रणा एकदम चालू लागे. आपण जगात ज्या गोष्टी रोज करतो, त्या इतक्या मोठ्या करून इतक्या शांतपणे कुणी दाखवाव्यात, हे मला कुठंही, कधीही सुचलं नसतं.

एक दिवस तो येत नाही. ती वाट पाहते. भिंतीवरचं मोठं घड्याळ दाखवतात आणि त्याचे काटे भराभर फिरू लागतात, सकाळची दुपार, दुपारची संध्याकाळ. तेव्हा पडद्यामागून एक बाई मोठ्यानं काहीतरी बोलली, दुसरीनं तिला उत्तर दिलं आणि बाकीच्या हसल्या. इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत. मला एवढंच वाटलं की गिरजा पलीकडे आहे. जो उजेड माझ्या डोळ्यांपुढून निघाला तो कापडातून पार होऊन तिच्या तोंडावर पडतोय. मध्ये फक्त एक ओलं धोतर.

शेवटी लग्न होतं. हार घालताना त्याचं घड्याळ खरोखरच बंद पडतं आणि ती भर मांडवात ते उघडून बसते. सगळे ताटकळतात, भटजी ओरडतो. आणि तेवढ्यात आमच्या गोदामात काय झालं, तर पडद्याच्या वरून कापूस उडाला. पलीकडच्या बायकांनी अक्षता म्हणून गंजीतला कापूस मुठी भरभरून टाकला. पांढरे पुंजके झोतात वर गेले, थांबले आणि आमच्या डोक्यांवर पडू लागले. गोदामवाला ओरडत सुटला, "ओ बायांनो, माल हाय त्यो, माल!" कुणी ऐकलं नाही. देव कवा येतुया म्हणणारा माणूससुद्धा तोंड उघडं टाकून वर पाहत होता.

खेळ संपल्यावर मी धीर करून इस्माईलभाईकडे गेलो. तो रीळ गुंडाळत होता. मी विचारलं, हा सिनेमा कुणी काढला? "चार दोस्तों ने," तो म्हणाला. "येकीच सिनेमा बनाए. कंपनी गई, दोस्त गए. अब तो उनको भी याद नै होगा." मग रिळावरून हात फिरवून म्हणाला, "लोगां उठ के जाते, मेरेकू मालूम है. फिर भी हर गाँव में येक बार लगाता मैं. येक बार."

बाजारानंतरच्या चौथ्या दिवशी आम्ही साखऱ्याला जेवायला गेलो. दादा, मी आणि आत्या.

ओसरीवर पाट मांडले होते. आत्या आमच्यासमोर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली होती. तिथून वाढणारीचे दोन्ही हात दिसतात. गिरजा सार घेऊन आली. डाव्या हातात पदराखाली भांडं, उजव्यात पळी. नंतर मला कळलं की लहानपणी तिचा डावा हात फडक्यानं बांधून ठेवायचे, आणि जेवणाचं ठरल्यापासून तिची माय तिच्याकडून उजव्या हातानं पाणी वाढून घेत होती, रिकाम्या ताटांत.

दादांच्या ताटात तिनं नीट वाढलं. माझ्याकडे आली तेव्हा पळी कलंडली आणि सार पाटावर सांडलं. दारामागं तिच्या मायनं श्वास ओढल्याचं मला ऐकू आलं. गिरजा तशीच वाकून उभी राहिली. त्या सांडलेल्या साराकडे पाहत राहिली. मग तिनं भांडं उजव्या हातात घेतलं, पळी डाव्या हातात घेतली आणि माझ्या वाटीत सार ओतलं. धार बारीक, सरळ, एक थेंब इकडेतिकडे नाही.

आत्यानं पसरलेले पाय जवळ घेतले.

आत्या म्हणाली, "कोनता हात गं त्यो?"

गिरजानं झटक्यात मान वर केली. तिचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. ती माझ्याकडे नाही, आत्याकडे पाहत होती.

"माझाच हाय, आत्याबाई."

"त्ये दिसून राहिलं. डावा का उजवा, त्ये विचारते."

"डावा. बाजारातल्या चित्रात ती घडीवाली पोरगी बी डाव्याच हातानं करत व्हती की समदं. आंधळ्या बापाचं दुकान चालवलं तिनं. लगीन लागलं तवा समद्यांनी अक्षदा बी टाकल्या तिच्यावर."

ती पडद्याच्या मागच्या बाजूला होती. मागून सगळं उलटं दिसतं. आणि या बिचारीनं त्या उलट्या चित्रावर विसंबून भर पंगतीत आपला हात उघडा केला होता. समोर दादा होते, ते माझ्याच शेजारी बसून पाहत होते. दादांनी घास खाली ठेवला. त्यांना खोटं सहन होत नसे, चुकीचं त्याहून नाही.

"पन ती तर..." दादा बोलू लागले.

मी आयुष्यात मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. मी वाटी उचलून पुढं केली आणि इतक्या मोठ्यानं म्हणालो की अंगणातला बैल वळून पाहू लागला, "मला अजून वाढा!"

वाटी काठोकाठ भरलेली होती. ती माझ्या हातावर सांडली. सार कढत होतं.

आधी तिच्या वडिलांना हसू फुटलं, मग दारामागच्या बायकांना. "भूक लई हाय की जावयाला," कुणीतरी म्हणालं. आत्या मात्र हसली नाही. ती गिरजाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग सावकाश म्हणाली, "व्हय. म्या बी बघितलं ते चित्र. डावाच हात व्हता तिचा." आणि दादांकडे वळून, "तू काय बोलून राहिलास? जेव की गुमान."

परतीच्या वाटेवर आत्या गाडीतच डुलक्या घेऊ लागली. दादांनी हळूच विचारलं, "बापू, ती पोरगी उजव्याच हातानं करत व्हती ना रं?"

"पडद्याच्या अलीकडून उजव्या, दादा."

दादांनी बैलांना हाकारलं. शिवेवर आल्यावर एकदम हसले आणि माझ्या भाजलेल्या हाताकडे बोट करून म्हणाले, "घरी गेल्यावर खोबऱ्याचं तेल लाव त्याला."

लग्न वैशाखात झालं. पाऊस लागला तेव्हा मी कॉलेजात आलो. त्याला आता तिसरं वर्ष, तिसरी वेचणी.

एवढा काळ मी एक गोष्ट जपून ठेवली होती. ती मुलगी उजव्या हाताची होती हे गिरजाला कळू द्यायचं नाही. तिनं ज्याच्या आधारानं हात उघडा केला तो आधार नव्हताच, हे कशाला सांगायचं? आमच्या घरात ती आता उघडपणे डाव्या हातानं वाढते. आत्या तिच्या हातचं जेवते. शिवारात तर प्रश्नच नाही. वेचणीला दोन्ही हात लागतात, तिथं कोण डावा-उजवा पाहतो. मला वाटे, हे सगळं माझ्या गप्प राहण्यावर उभं आहे. मला त्याचा थोडा अभिमानही होता, हे कबूल करतो.

या दिवाळीत घरी गेलो होतो. पहाटे तिच्याबरोबर वेचायला गेलो. पुस्तकं धरून धरून माझी बोटं मऊ झालीत, दवातसुद्धा लगेच ओरबाडली. ती पुढं गेली, परत आली, माझी ओळ वेचू लागली. काय झालं कुणास ठाऊक, कदाचित त्या हातांकडे पाहून लपवणं जड झालं असेल. मी सांगून टाकलं. पडदा, झोत, उलटी बाजू, सगळं.

तिनं वेचणं थांबवलं नाही.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"तवापासून. त्या भिंतीवरच्या घडीचे काटे फिरले ना भराभर, ते उलटे फिरत व्हते आमच्याकडून. माझ्या शेजारी एक बाई बसली व्हती, तीच मोठ्यानं बोलली. चावडीतल्या घडीचे काटे तर असे जात न्हाईत, हे उलटं काहून फिरून राहिलं गं, म्हनली. म्या सांगितलं तिला. आपन मागं बसलोत, मावशी, म्हनून समदं उलटं. तिचा हात बी उजवाच आसंल."

मी बोटात रुतलेलं बोंडाचं टोक काढू लागलो.

"मंग आमी दोघींनी मिळून कापूस टाकला," ती म्हणाली. "अंधारात तोंड दिसलं न्हाई. पन आवाज ध्यानात राहिला. तुमच्या जेवनाच्या दिवशी त्याच आवाजानं मला विचारलं, कोनता हात गं त्यो."

"म्हंजी आत्याला..."

"व्हय की."

म्हणजे आत्याला सगळं ठाऊक होतं. गिरजानं तिच्या तोंडावर खोटं सांगितलं ते आत्याला कळत होतं, आणि आपण सांगतोय ते खोटं आहे असं आत्याला कळतंय हे गिरजाला कळत होतं. त्या ओसरीवर त्या दोघी एकमेकींकडे पाहत होत्या तेव्हा मध्ये काय काय चाललं होतं, आणि मी मात्र कढत साराची वाटी धरून समजत होतो की लग्न मी वाचवलं.

"आत्यानं हो काहून म्हटलं मंग?" मी विचारलं.

"तुमी विचारा त्यास्नी."

अजून विचारलेलं नाही. सुट्टी संपायच्या दिवशी आत्या अंगणात सरकी निवडत बसली होती, मी जवळ जाऊन उभा राहिलो. "काय रं?" ती म्हणाली. "काई न्हाई," मी म्हणालो. ती निवडत राहिली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तिचे हात. उजव्या हाताचं मनगट धडपणे वळत नव्हतं. ते कायमचंच तसं आहे, आणि जात्याचा खुंटा ती नेहमी डाव्या हातानं धरते. इतकी वर्षं मी तिच्या पुढ्यात वाढलो आणि हे माझ्या डोळ्यांत कधी आलं नव्हतं. एवढंच कारण असेल असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही.

वसंतला मी हे काही सांगितलेलं नाही. त्याचं म्हणणं एका अर्थी बरोबरच आहे. तसा सिनेमा आता कुठं नसेल. इस्माईलभाई पुन्हा आमच्या बाजूला आला नाही. रिळं झिजली असतील, जळली असतील. पण कधी कुठल्या गावात, फाटक्या तंबूत किंवा गोदामात तो लागलाच, तर ज्यानं हे वाचलं असेल त्यानं उठून जाऊ नये. देव येत नाही. घड्याळ मात्र चालू लागतं.

उन्हाळ्यात गिरजाला इथं आणायचं ठरतंय. इथल्या थिएटरात मी तिला सिनेमा दाखवणार आहे. निघताना मी तिला विचारलं, कुठं बसायचं आपण? इथं बायकांची बसायची जागा वरच्या सज्जात असते, ते मी सांगणार होतो. ती ओटीतला कापूस गाठोड्यात ओतत होती. म्हणाली, "मी आपली मागूनच बघंन. पुढून तर समदेच बघत्यात. तुमी बी या माझ्याबरूबर मागं."

इथं पडद्यामागं भिंत आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.